शिंगाळ्याच्या तोंडातली अंडी

आमची भिंत गेली ती अण्णांच्या एका हिसक्यामुळे. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं आहे आणि पुन्हा सांगेन.

घोडपदेवहून खाडीकडे चालत गेलं की सिमेंटची एक जुनी भिंत लागते. भरतीचं पाणी तिला येऊन टेकतं. दर रविवारी आम्ही तिथे गळ टाकून बसायचो. अण्णा गिरगावातले, बँकेतून निवृत्त झालेले. माझा भोईवाड्यात बंद पडलेल्या ऑफिसांच्या खुर्च्या-कपाटं घेऊन विकण्याचा धंदा. वडील गिरणीतून रिकाम्या हातांनी घरी आले तेव्हाच मी एक गोष्ट शिकलो, समोरच्याचा पहिला भाव कधी मानायचा नाही.

पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून इंजिनाच्या बोटींना बंदी असते. ती असायलाच हवी. पण बंदी मोडून गेलेल्या बोटीमागे समुद्रात जायचं कोणी? भिंतीवर बसलेला माणूस पकडायला सोपा. त्या वर्षी बंदी लागली आणि तिथला रखवालदार आम्हाला उठवायला लागला.

"अरे बाबा, बंदी बोटींना आहे," मी म्हणालो.

"मला नका शिकवू. मासा तो मासा."

मग मी मत्स्यखात्याच्या कचेरीत खेटे घातले, भांडलो, आणि शेवटी एका साहेबाला भिंतीवर घेऊन आलो. माझ्याकडे पक्का मुद्दा होता. शिंगाळ्याची मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात धरतो. पिल्लं होईपर्यंत तो काही खात नाही. पोट खपाटीला जातं, पण तोंड उघडत नाही. म्हणजे अंडी सांभाळणारा बाप आमच्या गळाला लागायचाच नाही, कारण तो आमिषाला तोंडच लावत नाही. जाळ्याला मात्र त्याच्या उपासाशी देणंघेणं नाही. जाळं त्याला अंड्यांसकट उचलतं.

आदल्या दिवशी मी अण्णांना बजावलं होतं, "उद्या साहेब असेपर्यंत गळ टाकायचा नाही. तुम्हाला सवय आहे, दोरी जरा हलली की हिसका देता."

"मी काय लहान आहे का रे?" ते म्हणाले.

साहेब आला. चांगला माणूस वाटला, छत्री धरून उभा राहून ऐकत होता. "मुद्दा बरोबर आहे तुमचा," असंही म्हणाला. मी लगेच पुढचं मागितलं. बंदीच्या महिन्यांत फक्त गळ, माणशी एक दोरी, गाबोळी भरलेली मादी लागली तर परत पाण्यात. साहेबाने मान हलवली. सौदा होत आला होता.

तेवढ्यात पाठीमागे रीळ करकरलं.

अण्णांनी गळ टाकला होता, आणि दोरी हलताच हिसकाही दिला होता. शिंगाळा वर आला तो कुशीत गळ रुतलेला. तोंडाने त्याने काही घेतलंच नव्हतं. सिमेंटवर आपटला आणि त्याने तोंड उघडलं. बोराएवढी पिवळी अंडी बाहेर आली, साहेबाच्या बुटापर्यंत घरंगळत गेली.

"हे गळाला लागत नाहीत ना?" साहेब म्हणाला.

अण्णा अंडी ओंजळीत गोळा करायला वाकले. साहेबाने त्यांना थांबवलं. "हात लावू नका. आहे तसं राहू द्या. फोटो लागतील."

फोनवर पावसाचे थेंब पडत होते. साहेबाने तो पुसला, एक फोटो काढला, पसंत पडला नाही, दुसरा काढला. मग रखवालदाराला माशाशेजारी चप्पल ठेवायला सांगितली, आकार कळावा म्हणून. मी साहेबाच्या मागे मागे बोलतच होतो. कुशीत लागलेला गळ बघा, हा अपघात आहे, निदान सकाळची वेळ द्या, निदान रविवार द्या. मासा आधी जोरात उडत होता, मग नुसते कल्ले हलत राहिले, मग तेही थांबले. एक कावळा दोन अंडी घेऊन गेला. अंडी देणाऱ्या माशांचं रक्षण हे असं झालं.

मी अण्णांच्या हातातला रॉड घेतला आणि गुडघ्यावर मोडला. साहेब म्हणाला, "याचाही फोटो घेतो."

पुढच्या रविवारी भिंतीवर पाटी होती. गळ टाकण्यास सक्त मनाई.

बंदी उठली. बोटी गेल्या, आल्या. मी दादरच्या बाजारात गेलो तर टोपल्यांत शिंगाळेच शिंगाळे, पोटं खपाटीला गेलेली, कित्येकांच्या तोंडांत अजून अंडी. मासेवाली जबड्यात बोट घालून ती उकरायची आणि पाण्याच्या बादलीशेजारी टाकायची. तिथे मांजरं बसली होती.

"साफ करून देते, दादा."

"नको. अंड्यांसकट दे. आणि भाव नीट लाव, नुसतं डोकंच आहे याला."

"बापानं पोरं सांभाळली, तो जाडा कुठून व्हायचा? घ्या, तुमच्या भावात."

तो मासा पिशवीत घेऊन मी तडक गिरगावात गेलो आणि अण्णांच्या ओट्यावर ठेवला. "तुम्ही एक मारलात म्हणून आपण बाहेर. हे बघा, बाजारात ढीग लागलेत."

अण्णांनी त्याचा जबडा उघडला. अंडी मोरीत ओतली गेली. एकेकाच्या आत दोन काळे डोळे स्पष्ट दिसत होते. वहिनी दारातून बघून आत गेल्या.

"हिसका मी दिला," अण्णा म्हणाले. "कबूल. पण तो सिमेंटवर किती वेळ जिवंत होता, ठाऊक आहे? मी दोनदा म्हटलं, पाण्यात सोडू दे. तुला ऐकूच आलं नाही. तू रविवार मागत होतास."

"तुमच्यासाठीच मागत होतो."

"मिळाला का?"

मी चहा न घेता जिना उतरलो. पाटी अजून तिथेच आहे, बंदी असो वा नसो, बारा महिने. कधी तिकडे गेलोच तर दिसतं, भिंतीसमोरून बोटी जातात, आणि पाटीखाली रखवालदार खुर्ची टाकून बसलेला असतो. खुर्ची माझ्याच दुकानातली आहे. भाव त्यानेही पाडून घेतला होता.