पिकअपला उजवा कौल

“मॅट उचल नि बघ. विकायला काढलेल्या त्या व्हॅनच्या तळातून खालचा रस्ता दिसतो.”

“दिसू दे. आई काय रस्ता बघत बसणार हायत? त्यांना येताना आडवं पडायला जागा हवी.”

“इंजिन धूर ओकतं, नंदा.”

“आणि तुमची पिकअप? चार वर्षं मिरकरवाडा बंदरातले बांगडे वाहिलेत तिने. त्या वासात आई निवळी फाट्यापर्यंत तरी टिकतील काय?”

सखाराम बायकोसमोर पडवीच्या पायरीवर टेकला. बावीस वर्षं त्याने व्हॅनच चालवली. आधी वाडीतली पोरं शाळेत सोडायचा. पोरं आईबापांमागून मुंबईला गेली, शाळा बंद पडली. मग डायलिसिसचे पेशंट मिळाले. सोमवार-गुरुवार, पाच जण, रत्नागिरीला नेऊन आणायचं. गंगाकाकूला खिडकीच लागायची. विठूतात्या परतताना दर वळणावर मागून ओरडायचे, “सखा, मी हाय अजून.” एकेक करून चौघं गेली. उरली ती सखारामची आई, सोनूबाई. गणपतीनंतर त्याच्या व्हॅननेही जीव टाकला. तेव्हापासून शेजारचा निलेश आईला रिक्षाने नेत होता. तोही येत्या रविवारी मुंबईला चालला. आता दुसऱ्याची जुनी व्हॅन घ्यायची की जुनी पिकअप, एवढंच ठरायचं होतं.

“एका पेशंटवर व्हॅन चालते काय?” सखाराम म्हणाला. “पिकअपला काम तयार हाय. पहाटे मासळी भरायची, कोल्हापूरला टाकायची.”

“आणि सोमवार-गुरुवारी?”

“सोमवार-गुरुवारी मासळी खातो कोण?”

“आपण खात नाय. कोल्हापुरातल्या हॉटेलांना वार असतो काय? व्यापाऱ्याने काय सांगितलं ते सांगा.”

“खाडा चालणार नाय म्हणाला.”

नंदाने पाखडता पाखडता सूप खाली ठेवलं.

“आता मागं फिरता येत नाय,” तो पुटपुटला. “काल देवळात कौल लावला. देवाने उजवा दिला.”

“काय विचारलात देवाला?”

“पिकअप घेऊ काय, म्हणून.”

“आणि व्हॅनचं?”

सखारामला कालचा कौल आठवला. गुरवाने पाषाणावर पाण्याने पाकळ्या चिकटवल्या होत्या, गाऱ्हाणं घातलं होतं, आणि होकाराची, उजवीकडची पाकळी लगेच सुटून पडली होती. “आणखी काय विचारायचं?” असं गुरवाने विचारलंही. सखारामने मान हलवून नको म्हटलं. व्हॅनलाही उजवीच पडली असती तर? देवाने हो म्हटल्यावर त्या सडक्या डब्यात, एकट्या आईला घेऊन, किती दिवस फिरायचं? आणि खायचं काय? कौल एकदा घेतला की मोडता येत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच त्याने दुसरा प्रश्न विचारला नव्हता.

आतून काठीचा आवाज आला. सोनूबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. हातात सोमवारची पिशवी होती: फाईल, चादर, उलटीसाठी डबा. सगळं तिने ऐकलं होतं.

“सखा,” ती म्हणाली, “देवापुढं माझं नाव काढलास काय रे?”

सखारामने चपला पायात अडकवल्या. उजव्या चपलेचा अंगठा नीट बसला नाही. तो तसाच, आईकडे न बघता, पाय फरफटत, कुंपणाच्या बेड्यातून बाहेर पडला.