मान खाली घालून खेळायचा खेळ

सकाळी चहा पिता पिता सासऱ्यांनी विचारलं, "या खिडकीला काळा पडदा कोणी लावला?"

खिडकीला पडदा नव्हताच. हिंजवडीला जाणारी कंपनीची बस गाठायची म्हणून मी घाईघाईनं डबा भरत होते. वाटलं, नेहमीचा टोमणा असेल. काचा पुसलेल्या नाहीत हे ते सरळ सांगणारे नव्हतेच. पण त्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता कॅलेंडरवरही आला."

मी डबा ओट्यावर ठेवून दिला.

त्यांचा डावा डोळा लहानपणापासून मंद होता. त्या डोळ्यानं उजेड आणि माणसाचा आकार कळायचा, तेवढंच. पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये त्यांनी सगळं आयुष्य काढलं होतं ते एकट्या उजव्या डोळ्याच्या भरवशावर. आणि तो काळा पडदा उजव्या डोळ्यात होता.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी बराच वेळ आत बघितलं. मग म्हणाल्या, "डोळ्याच्या मागचं पटल, रेटिना, सुटलंय. ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटतो ना, तसं." त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. बाहेर आल्यावर डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. "आत वायूचा बुडबुडा सोडलाय. बुडबुडा वरच्या बाजूला जातो. यांचं तोंड जमिनीकडे असलं की तो मागच्या पटलाला दाबून धरणार. मान वर केली की तो सरकणार, आणि पटल पुन्हा सुटू शकतं. जेवताना, बसताना, झोपताना, कायम मान खाली."

"किती दिवस?"

"मी सांगेपर्यंत."

घरात आम्ही दोघंच. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा कंपनीच्या कामासाठी परदेशी होता आणि त्याला लगेच निघता येण्यासारखं नव्हतं. सासऱ्यांचं आणि माझं बोलणं म्हणजे 'पाणी आलं का' आणि 'सिलिंडर सांगितला का'. माझ्या सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीबद्दल ते पाहुण्यांना सांगत, "दुसऱ्यांच्या चुका काढायचं काम आहे. आम्ही घरी फुकट करतो, हिला त्याचा पगार मिळतो."

मी रजा टाकली. जेवणाच्या टेबलावर उशा रचून, त्यावर कपाळ टेकवून ते बसायचे. ताट मांडीवर. पाणी स्ट्रॉनं. दर थोड्या वेळानं मी डोळ्यात थेंब घालायची, तेही खाली जमिनीवर बसून, डॉक्टरबाईंनी दाखवल्याप्रमाणे त्यांचा चेहरा क्षणभर कडेला कलता करून, डोळ्याच्या कोपऱ्यात. पेपर वाचून दाखवला तर म्हणाले, "बातमी वाचतेयस की आरती म्हणतेयस?" रेडिओ लावला तर जाहिरातींना वैतागून बंद करायला सांगितला. मानेला कळ लागली की ते खुर्चीतच चुळबुळायला लागायचे.

एकदा मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर ते ताठ बसले होते. तोंड छताकडे.

"बाबा!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्यांचं दार उघडल्याचा आवाज आला. त्यांनी मान खाली घातली. तेवढ्यानं काय झालं असेल, हे डॉक्टरांनी पुन्हा तपासेपर्यंत कळणार नव्हतं.

त्या दुपारी मन कशात तरी गुंतवायचं म्हणून मी लॅपटॉप काढला आणि कॉलेजपासून जपलेल्या सीडींमधली एक घातली. हॉस्टेलवर आम्ही मुली एकाच कॉम्प्युटरभोवती कोंडाळं करून हे खेळ खेळायचो. पडद्यावर एक चित्र असतं. खोली, बाजार, जहाज, काहीही. बाण हव्या त्या वस्तूवर न्यायचा आणि टिचकी मारायची. बघ, उचल, वापर, बोल. पळापळ नाही, गोळीबार नाही. अडकलात तर अडकलात, सुचेपर्यंत चित्र तसंच वाट बघत राहतं.

"कसली टकटक चाललीये?" उशीतून आवाज आला.

"गेम खेळतेय."

"वा. म्हातारा आंधळा होतोय आणि सूनबाई खेळतायत."

मला रडूही आलं आणि रागही. "मग तुम्ही खेळा," मी म्हणाले. "मी बघून सांगते, तुम्ही काय करायचं ते बोला."

"मला काय पोर समजतेस?"

"ओसाड बेटावर आहात," मी सुरू केलं. "समोर एक यंत्र आहे. तीन दांडे, एक चाक."

पहिली निवड सपशेल चुकली. तो खेळ दिसायला अप्रतिम होता, पण त्यात एकही माणूस बोलत नव्हता. सगळं कोडं चित्रांत. दांड्याचा कोन, चाकाचे दाते, कुठल्या खुणेसमोर काय, हे सांगता सांगता माझी दमछाक झाली आणि ते ऐकता ऐकता त्यांची. "कागदावर काढून दाखव," म्हणत त्यांनी मान उचलायला सुरुवात केली, तशी मी तो खेळ घाईनं बंद केला.

दुसराही चुकला. त्यात चुकीच्या दारातून गेलं की नायक मरायचा. "पडलात दरीत," मी वाचलं. उशांवर वाकलेले त्यांचे खांदे आखडले. "पुरे," एवढंच म्हणाले. काही खेळ कोणत्या घरात आणि कोणत्या दिवसांत खेळायचे नसतात, हे मला तेव्हा उमगलं.

मग मी सगळ्या सीडी पुढ्यात घेऊन बसले. जिथे कोणी मरत नाही, वेळेचं बंधन नाही, माणसं भरपूर बोलतात आणि प्रत्येक वस्तूकडे पाहिलं की खेळ दोन शब्द सांगतो, असा एक सापडला. बर्फातल्या एका गावातला टपाल कारकून. पोस्ट बंद होणार असतं आणि एक पार्सल पोहोचवायचं राहिलेलं असतं. त्यावर फक्त नाव, पत्ता पुसलेला.

"कुठलं गाव?" त्यांनी विचारलं.

"आपल्याकडचं नाही."

"ते बर्फावरून कळलं. पोस्टात काय काय आहे?"

काउंटर, तराजू, कुलूपबंद कपाट, थंड शेगडी, काड्यापेटी, खुंटीवर एक कोट. "कपाट फोड," ते म्हणाले. मी टिचकी मारली. कारकून म्हणाला, सरकारी मालमत्ता आहे. "हात्तिच्या! बंद होणाऱ्या पोस्टाची कसली मालमत्ता! पुन्हा मार." पुन्हा तेच. काड्यापेटी निरुपयोगी म्हणून त्यांनी ती हौदात टाकायला लावली. गावातल्या बाईशी बोलताना चार उत्तरांपैकी त्यांनी सगळ्यांत खोचक उत्तर निवडलं आणि बाईनं दार आपटलं. "वस्तुस्थिती सांगितली तर दार आपटते," ते पुटपुटले. मला हसू आलं. त्यांनी ते ऐकलं असणार.

चहा झाला. थेंब झाले. सगळा वेळ मान खालीच होती.

त्यानंतरच्या गुरुवारी, म्हणजे नेहमीच्या वीज बंदच्या दिवशी, लॅपटॉपच्या बॅटरीवर आम्ही कारकुनाला कपाटामागच्या तळघरात उतरवलं होतं. बॅटरी संपली. मी लॅपटॉप मिटून ठेवत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "डोळा ठणकतोय." सुरुवातीला हळू आवाजात. मग डोकं दोन्ही हातांत धरून. मग उलटी झाली. मी दवाखान्यात फोन केला. "ताबडतोब आणा," पलीकडून सांगितलं, "आणि आणताना मान खालीच ठेवा."

कोथरूडच्या आमच्या गल्लीतून रिक्षा मिळाली. मांडीवर दोन उशा, त्यावर त्यांचं डोकं, त्यांच्या मानेवर माझा हात. रिक्षावाल्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त त्यांना धरा. खड्डे माझ्यावर सोडा." पण नळ स्टॉपपाशी गाड्या हलेनात. सगळीकडे हॉर्न. त्यांचं अंग घामानं ओलं झालं होतं. दर कळेसरशी मान वर यायला बघत होती आणि मी ती दाबून धरत होते. एका माणसाला त्याच्या वेदनेविरुद्ध दाबून ठेवायचं, आणि आपण करतोय ते बरोबर की चूक हेही ठाऊक नसायचं.

"बोल काहीतरी," ते म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता. "कुठे होतो आपण?"

"तळघरात."

"अंधार आहे?"

"मिट्ट. कंदील आहे, पण विझलाय."

"मग काड्यापेटी."

"ती तुम्ही हौदात टाकलीत, बाबा."

कण्हण्यातूनच त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला जो मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग सासरे म्हणाले, "काढ बाहेर ती. वाळव."

"कशावर?"

"पोस्टात शेगडी नव्हती?"

"होती. थंड आहे."

"त्या बाईकडे असेल. जिनं दार आपटलं."

"मग तिची माफी मागावी लागेल."

त्यांनी दात आवळून एक कळ जाऊ दिली. मग, "माग. माझ्या वतीनं माग."

गाड्या हलल्या. रिक्षावाल्यानं रिक्षा एका आतल्या रस्त्याला घातली. प्रत्येक गतिरोधकाआधी तो जवळजवळ थांबायचा. मी बोलत राहिले. खेळात नसलेल्या खोल्या रचल्या, नसलेली माणसं उभी केली. काय बोलले ते आज आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी जरा थांबले की माझ्या हाताखालची मान वर यायला लागायची.

आतल्या वायूमुळे डोळ्यातला दाब बराच वाढला होता. डॉक्टरबाईंनी बारीक सुईनं थोडा वायू काढला, औषधं दिली. दुखणं उतरलं. "वेळेत आणलंत," त्या म्हणाल्या.

"पटल जागेवर आहे ना?" मी विचारलं.

"आत अजून गढूळ दिसतंय. आत्ता काही सांगू शकत नाही."

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी हेच वाक्य त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "तू कशी आहेस?" मी फोन सासऱ्यांच्या कानाला लावला.

दुसऱ्या सकाळी कपाळ उशीवर टेकवत ते म्हणाले, "उघड ते पोस्ट." आणि आम्ही त्या बाईची माफी मागितली.

मान वर करायची परवानगी मिळाली त्या दिवशी त्यांना आधी काहीच धड दिसेना. मग हळूहळू वरच्या बाजूनं उजेड यायला लागला आणि खाली एक डुचमळणारी रेघ दिसू लागली. बुडबुडा विरघळेल तशी ती खाली जाईल, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. रोज सकाळी मी विचारायची, "आज धरण किती?" ते मान सरळ धरून अंदाज घ्यायचे आणि म्हणायचे, "उतरतंय. पुण्यात राहून खडकवासला रिकामं व्हावं असं वाटणारा मी पहिलाच." विनोद करायचे, पण टेबलाची कड घट्ट धरलेली असायची. रेघेच्या वर जे दिसत होतं तेही धूसरच होतं.

अखेर तपासणीचा दिवस आला. डॉक्टरबाईंनी त्यांचा डावा डोळा झाकला आणि आपला हात समोर धरला. "किती बोटं?"

मी खुर्चीच्या पाठीवर हात घट्ट रोवला. बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारला गेला. त्यांनी डोकं किंचित तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं.

"तीन," ते म्हणाले. "मधल्या बोटात अंगठी आहे. खडा नाही."

डॉक्टरबाई हसल्या. मी बाहेर जाऊन पाण्याच्या कूलरपाशी उभी राहिले आणि रडले.

सगळं परत आलं नाही. पेपरचे मथळे वाचता येतात, बारीक अक्षर नाही. आणि सरळ रेघ त्यांना मध्ये वाकलेली दिसते. आयुष्यभर सरळ रेघा काढलेला माणूस. याबद्दल ते तक्रार करत नाहीत. पण एकदा दुपारी दाराच्या चौकटीवरून वरपासून खालपर्यंत तळवा फिरवताना मी त्यांना पाहिलं. डोळे मिटून. चौकट सरळच आहे ना, ते हातानं बघत होते. मी आवाज न करता मागे फिरले.

बरं वाटल्यावर त्यांनी टपाल कारकुनाचा खेळ स्वतः बघायला मागितला. स्क्रीनला नाक लावून पोस्ट ऑफिस बघितलं. "हे?" म्हणाले. "हे नव्हे. काउंटर सागवानी होता. आणि खिडकीतून टेकडी दिसायची." मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तू सांग. ते बरं होतं." आम्ही पुढचा, सर्कशीचा खेळ तसाच खेळलो. ते आरामखुर्चीत, मी टेबलाशी.

पुढे त्यांच्या ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याचं तेच ऑपरेशन ठरलं. सासरे फोनवर त्याला समजावत होते. मी आत कणीक मळत होते.

"औषधांचं डॉक्टर बघतील. मी महत्त्वाचं सांगतो. मुलाला म्हणावं, जुने टिचकीचे खेळ आण. हो, कॉम्प्युटरवरचे. बंदुकीचे नकोत. नुसते सुंदर दिसणारे तर अजिबात नकोत, तुला कुठे दिसणार आहेत? ज्यात माणसं बोलतात असे घे. आणि वाचून दाखवणारं माणूस न चिडणारं पाहिजे, ते सीडीबरोबर मिळत नाही." मग ते थांबले. "सर्कशीचा आहे एक, तो पाठवतो. सोपा आहे."

"बाबा," मी आतून ओरडले, "त्याच्या दुसऱ्या सीडीवर ओरखडा आहे. अर्ध्यात अडकेल."

"थांब," ते फोनवर म्हणाले, "आमच्या टेस्टर काहीतरी सांगतायत."