पेट्रोलचा वास आणि सुमीची सोयरीक

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा. मागे ही गोष्ट ऐकताना एकाला ठसका लागला, आणि उलट तोच माझ्यावर चिडला. चिडायचा हक्क या गोष्टीत फक्त माझा आहे, आणि तो मी अजून सोडलेला नाही.

मानवतला आमची कापसाची आडत. निजामी गेली, जहागिऱ्या गेल्या, आणि एका जहागीरदारांनी कायमचं हैदराबादला जाताना आपली जुनी मोटार मला विकली. वर कापडी टप, जिकडे तिकडे पितळेचं काम. गावात माझा रुबाब काय वाढला म्हणता!

दसरा झाला आणि त्या मोटारीत पेट्रोलचा वास सुटला. साधासुधा नव्हे. वेशीपर्यंत डोळ्यांत पाणी यायचं, आणि परभणी येईपर्यंत पोटातलं सगळं घशाशी.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या धाकट्या बहिणीला, सुमीला, परभणीचं स्थळ आलं होतं. वडिलांच्या मागे ती जबाबदारी माझी. मुलगा चांगला, घरची पिठाची गिरणी, आणि गिरणी चालवणारी खुद्द मुलाची आई. त्या काकू एकट्याच मुलगी बघायला येणार होत्या. मी ऐटीत निरोप धाडला होता, "आगगाडीनं येऊ नका, आमची मोटार पाठवतो." आता निरोप परत कसा घ्यायचा?

मी ड्रायव्हरला धरलं.

"उस्मानभाई, हा वास कशाचा?"

"पुरानी गाडी हाय मालक. वास येणारच."

"माझी आत्या याहून पुरानी आहे. तिला येतो का वास?"

उस्मानभाई फडकं घेऊन मोटार पुसायला लागले.

मग मीच बाह्या सरसावल्या. गाद्या काढल्या, पायाखालच्या फळ्या उचकटल्या. एका फळीत फट सापडली, तिच्यात कापूस ठासला. आडत्याच्या घरी दुसरं काय मिळणार? वास तसाच. परभणीहून मिस्त्री आणवला. तो आधी मोटारीच्या मागच्या बाजूला निघाला, तशी माझी तार सटकली.

"अहो, इंजिन पुढं आहे. मागं काय बघायलाय?"

तो पुढे आला. नळी बदलली, पत्र्यातली भोकं बुजवली, कपाळाचा घाम पुसला. वास तसाच. मी त्याला असा झाडला की तो आपला पाना इथेच टाकून गेला. तेवढ्यात बायको निखाऱ्यावर धूप घालून बाहेर आली.

"अवो, मोटारीत जरा धूर फिरवू का?"

पेट्रोलच्या वासात निखारा! तिलाही झाडली. एवढंच कशाला, रोज सकाळी पूजेला बसलो की गंधाच्या पितळी वाटीत बोट बुडवायचो आणि देवालाही दम द्यायचो, की काकू यायच्या आत हा वास गेला पाहिजे. विनवण्या करायचा माझा स्वभाव नाही.

काकू आल्या. मोटार दारात थांबली, आणि नाकाला पदर लावून एक पिवळा पडलेला चेहरा खाली उतरला. काकू ओट्यावरच बसल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या.

"प्रवास बरा झाला ना?" मी विचारलं. बघा माझी अक्कल.

"लेकाच्या सोयरिकीपायी बसून आले," काकू म्हणाल्या. "गिरणीत इंजिनाच्या बाजूला बसून जेवते मी, पण हे सोसलं न्हाई. ज्याला घरच्या गाडीतला वास काढता येईना, त्यो लगीन काय नीट लावणार?"

दाराआड सुमी उभी होती. तिचा उतरलेला चेहरा दिसला आणि माझं डोकंच फिरलं. पाहुण्यांदेखत मी उस्मानभाईंवर ओरडलो, "उद्यापासून येऊ नका तुम्ही!"

काकूंनी हातपाय धुतले आणि रीतीप्रमाणे आधी देवघरात गेल्या. देवाला गंध लावायला वाटी उचलली, आणि ती हातातच फिरवत राहिल्या.

"सूनबाई," त्यांनी माझ्या बायकोला हाक मारली, "गंधाच्या वाटीला आटे कशाला पाडलेत?"

आम्ही सगळे दारात गोळा झालो.

"हे तर टाकीचं झाकण हाय," काकू म्हणाल्या. "माझ्या इंजिनाला असंच हाय, फकस्त लोखंडी."

एका क्षणात मला सगळं आठवलं. खंडेनवमीला आमच्याकडे तराजू, वजनं, विळे-कोयते सगळं पूजेला मांडतात. त्या वर्षी मोटारही पुजायची होती, पण ती काही देवघरात मावेना. म्हणून मीच तिचं पितळी झाकण फिरवून काढलं, चिंचेनं लखलखीत घासलं आणि देवापुढं मांडलं. इतक्यात बाजारात नवा कापूस आल्याचा निरोप आला, आणि मी तसाच पळालो.

मी बायकोकडे बघितलं.

"मला वाटलं, गंधाला नवी वाटी आणली तुमी," ती म्हणाली. "इचारलं असतं तर खेकसला असता."

मी उस्मानभाईंकडे बघितलं.

"दुसऱ्या दिवशी झाकण दिसेना मालक. सांगितलं असतं तर तुमी मलाच चोर म्हटलं असतं. मग आडतीतला कापूस घेतला आन् मागं टाकीच्या तोंडात कोंबला."

"कापूस?"

"लय चांगला माल हाय मालक. पेट्रोल बरोबर धरून ठेवतो."

काकू आधी पदराआड हसल्या, मग पदर सोडून हसल्या. मग त्यांनी सुमीला जवळ बसवून घेतलं.

"पोरगी पसंत हाय. ह्या असल्या भावाच्या घरात इतकी शांत राहिली, म्हंजी आमच्याकडं सुखानं नांदंल. पर एक अट हाय."

हुंड्याचं निघणार म्हणून मी सावरून बसलो.

"वरात बैलगाडीतून काढायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्मानभाई नेहमीसारखे दारात हजर. मी म्हणालो, "येऊ नका म्हटलं होतं ना?"

"मग तुमी वरडणार कुणावर, मालक?"

लग्न झालं. पुढे बैलगाडीत नवरानवरी, मागे आमची मोटार, टाकीवर झाकण घट्ट, वासाचं नाव नाही. मोटारीत चाकावर उस्मानभाई, मागच्या गादीवर मी एकटाच. सगळे वऱ्हाडी पायी चालत होते. मी चिडून चिडून हाका मारल्या, पण कुणी बसायलाच तयार होईना.