मलकापूर वर की खाली

धाडच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला आले तेव्हा मला टेम्स नदीच्या उपनद्या ओळीने म्हणता येत होत्या, आणि धाड कुठे आहे ते माहीत नव्हतं. अमरावतीच्या मिशनच्या शाळेत माझा सगळा भूगोल इंग्रजीतून झाला होता. त्यात वऱ्हाडाच्या वाट्याला एकच वाक्य आलं होतं, इथे कापूस होतो.

ते वाक्य मात्र खरं निघालं. आमची शाळा पाटलांच्या कापूस भरायच्या खोलीत भरत असे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात खोली शाळेची; दिवाळीनंतर कापूस घरात आला की दक्षिणेकडच्या भिंतीपासून ढीग वाढत जाई आणि मुली उत्तरेकडे सरकत जात.

माझी नेमणूक हंगामी होती. थंडीत तपासणीच्या बाई येतील, नमुना पाठ पाहतील आणि मग मला कायम करायचं की नाही ते ठरेल, असं सांगण्यात आलं होतं. नाही ठरलं, तर अमरावतीला मावशीकडे परत. मावशीच्या घरी सतत माणसं असत आणि प्रत्येक माणूस मला काहीतरी विचारी. धाडला मला राहायला एक लहानशी खोली मिळाली होती आणि तिच्या दाराला आतून कडी होती. ती कडी सोडून जायची माझी इच्छा नव्हती. तरी मी ट्रंक रिकामी केली नव्हती. लागेल तेवढं वरून काढायचं आणि झाकण लावायचं.

बोलण्यापेक्षा नकाशा बरा, असं मला पहिल्यापासून वाटत आलं आहे. मुली नकाशाकडे पाहतात, आपल्याकडे पाहत नाहीत. शाळेत मध्यप्रांत-वऱ्हाडाचा एक सरकारी नकाशा होता, पण त्यात बुलडाणा जिल्हा सुपारीएवढा. म्हणून मी मुलींकडून मांजरपाटावर जिल्ह्याचा मोठा नकाशा करून घेतला. नद्यांना नीळ, शेतांना हळद, घाटाच्या कड्याला काजळी. नकाशा भिंतीवर लागला त्याच दुपारी पाटलीणबाई तो पाहायला आल्या. खोली त्यांची, त्यामुळे त्या शाळेतही घरातल्यासारख्याच वावरत.

त्यांनी कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहिलं.

"हे वरतं काय लिवलं?"

"मलकापूर," मी म्हणाले.

"अन् आपलं धाड?"

मी खाली बोट दाखवलं.

"काऊन वो बाई? आपण घाटावरचे. मलकापूर घाटाखाली. खालचे वरतं अन् वरचे खाली, हे कुठलं शिक्षण?"

उत्तर दिशा वर दाखवतात, असं मी हळू आवाजात सांगितलं. त्यांनी निळीची नळगंगा बोटाने दाखवली. ती बुलडाण्याजवळ उगम पावून उत्तरेला मलकापूरकडे, पूर्णेला जाते. भिंतीवर ती खालून वर चाललेली दिसत होती.

"पाणी वरतं चढून राह्यलं का मंग? आमच्या बैलाइले विचारा घाट कुठं उतरते ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशा उलटा टांगलेला होता. मी तो सुलटा केला. दुपारी तो पुन्हा उलटा झाला. बाजाराच्या दिवशी कापूस पाहायला मलकापूरचा एक व्यापारी आला. त्या वेळी नकाशा सुलटा होता. आपलं गाव सगळ्यांच्या डोक्यावर बघून तो इतका खूश झाला, की असाच एक नकाशा दुकानात लावायला द्या म्हणाला. तिथे प्रकरण संपलं. पाटलीणबाईंनी त्याला कापूस विकायचंच नाकारलं आणि नकाशा स्वतःच्या हाताने उलटा करून त्याला चार खिळे ठोकले.

मी वाद घातला नाही. वाद घालायला मोठ्याने बोलावं लागतं. मी गावांची नावं धुऊन त्या बाजूने पुन्हा लिहून घेतली आणि उत्तरेचा बाण जमिनीकडे केला. शेजारी सरकारी नकाशा होता, तो मात्र उत्तर वर ठेवूनच. मुलींना त्याचं काही वाटलं नाही. जिल्ह्यावरून प्रांतावर जायचं झालं की सगळा वर्ग एकदम मान वाकडी करी, आणि परत येताना सरळ. पावसाचा आलेख काढायला सांगितला तेव्हा त्यांनी महिन्यांची नावं वर लिहिली आणि खांब वरून खाली सोडले. "पाऊस जमिनीतून उगवते का, बाई?" पहिल्या ओळीतल्या एका चुणचुणीत मुलीने मला विचारलं. ते आलेख मी बदलायला सांगितले नाहीत. आषाढ-श्रावणाचे खांब पागोळ्यांसारखे लोंबत होते आणि खरं सांगायचं तर ते आलेख मला समजायला सोपे गेले.

तपासणीच्या बाई आल्या तेव्हा खोली अर्ध्याहून जास्त कापसाने भरली होती. त्या बुलडाण्याहून बैलांच्या दमणीत बसून, धक्के खात आल्या होत्या. चष्मा, बूट, हातात छत्री. मुली भिंतीशी चेपून उभ्या राहिल्या. दारात पाटलीणबाई आणि त्यांच्या मागे निम्मं गाव. बाईंनी आधी आलेख पाहिले आणि बाजूला ठेवले. मग नकाशा पाहिला.

"हा उलटा का आहे?"

मी चार खिळ्यांकडे बोट दाखवलं.

"उत्तर दिशा वर असते," त्या मला म्हणाल्या, जणू मीच चौथीत होते.

"वरतं आभाय असते वो बाई," दारातून पाटलीणबाई म्हणाल्या. "उत्तरेले मलकापूर हाय."

मागून कोणीतरी "हाव" म्हणालं.

"मी मास्तरणींशी बोलते आहे," तपासणीच्या बाई म्हणाल्या.

"बोला ना. पण ते काय बोलत नाहीत. आमाले ठावं हाय."

हे अगदी खरं होतं आणि नेमकं त्याच दिवशी सांगायला नको होतं. बाईंनी नकाशा सुलटा करायला सांगितला. पाटलीणबाई म्हणाल्या, खिळे माझे, भिंत माझी. मला ट्रंक दिसायला लागली, मावशीच्या घरची बैठक दिसायला लागली. आणि मी बोलले. इतकं मोठ्याने, की एक मुलगी दचकली.

"जमिनीवर अंथरू या!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच खिळे उपटायला लागले, म्हणजे कुणाकडे बघावं लागू नये. नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करून आम्ही तो पसरला. मोकळी जमीन पुरेना. दक्षिणेचं टोक ढिगाखाली सारावं लागलं आणि मेहकर तालुका कापसात बुडाला. बाकीचा जिल्हा उत्तरेच्या भिंतीपर्यंत गेला. आता उभं कुठे राहायचं? नकाशावर कुणी पाय ठेवीना. त्यावर गावं होती आणि गावांत देव होते.

"गंजीवर चढा," पाटलीणबाई म्हणाल्या.

मुली भराभर कापसाच्या ढिगावर चढल्या. पाठोपाठ गावातल्या बाया. तपासणीच्या बाईंनी थोडा विचार केला, बूट काढले, छत्री माझ्या हातात दिली आणि त्याही चढल्या. गुडघ्यापर्यंत रुतल्या. पण तिथून घाट, नद्या, रेल्वे, सगळं स्वच्छ दिसत होतं आणि त्यांनी परीक्षा पुढे चालू केली.

"नळगंगा कुठून कुठे वाहते?"

पहिल्या ओळीतली ती चुणचुणीत मुलगी हात लांब करून दाखवायला लागली. हात पुरेना. बाई तिचं बोट कुठे जातंय ते पाहायला पुढे वाकल्या. त्यांच्या पायाखालचा कापूस सरकला. ओरडण्याइतका वेळही त्यांना मिळाला नाही. ढिगावरून त्या बसल्याबसल्या घसरल्या, बुलडाण्यावरून घाट उतरल्या आणि मलकापूर ओलांडून पूर्णा नदीत पाय ठेवून थांबल्या.

कुणी हसलं नाही. हसायची कुणाची छाती होती!

"अशी, बाई," ती मुलगी म्हणाली. तिला प्रश्न विचारला होता, तिने उत्तर दिलं.

बाईंच्या केसांत कापूस होता, चष्मा एका कानावर. त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं, मग पायाखालच्या गावाकडे. आणि कुणाच्याही पायाला पुस्तक लागलं तर तो जे करतो तेच त्यांनी केलं. वाकून मलकापूरला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"मलकापूरले काऊन?" ढिगावरून पाटलीणबाई म्हणाल्या. "येताना आमच्या बुलडाण्यावरून बसत आले ना तुमी!"

बाईंनी बुलडाण्यालाही नमस्कार केला. मग त्या उभ्या राहिल्या, बूट घातले, छत्री मागून घेतली आणि मला बाजूला बोलावलं. तुमचा आवाज फार लहान आहे, त्या म्हणाल्या. ते आलेख मी पाहिलेच नाहीत, असं समजा. हा नकाशा यापुढे कोणत्याही भिंतीला, कोणत्याही बाजूने लावायचा नाही. मी मान हलवली. दमणीत चढताना त्या थांबल्या आणि विचारलं, "तुम्हाला इथे राहायचं आहे ना?"

"हो," मी म्हणाले. तेही मोठ्याने निघालं.

होळीच्या सुमारास मी कायम झाल्याचं कळलं. बातमी माझ्याआधी पाटलीणबाईंकडे पोचली होती. त्यांच्या मते यात नवल काहीच नव्हतं. इन्स्पेक्टरीणबाई स्वतः घाट उतरून खात्री करून गेल्या होत्या.

त्या संध्याकाळी मी कडी लावून ट्रंक उपसली. तळाशी मावशीने दिलेली चादर होती, ती कधीच बाहेर आली नव्हती. कापूस तोवर गाड्यांतून खाली गेला होता आणि खोली रिकामी होती. नकाशा आता ट्रंकेत असतो. भूगोलाच्या तासाला आम्ही तो जमिनीवर पसरतो, मुली भिंतीला पाठ लावून कडेकडेने उभ्या राहतात, आणि ढीग नसल्यामुळे मधलं काही कुणालाच नीट दिसत नाही. सगळ्या जणी दिवाळीची वाट पाहत आहेत.