मामीच्या भुवया

आमच्या मामीला भुवया नव्हत्या. रोज सकाळी चहाच्या आधी ती आरशासमोर उभी राहून काळ्या पेन्सिलीनं त्या काढायची आणि डावी नेहमी थोडी वर जायची. त्यामुळे समोरचा जे सांगतोय त्यावर तिचा फारसा विश्वास नाही, असं कायम वाटायचं. निपाणीला आमच्या घरी कुणी विचारलंच, तर आई सांगायची, वहिनीला थायरॉइड आहे. खरं कारण सांगायची आम्हा सगळ्यांना लाज वाटायची. मामी जाळ घेऊन नाचायची आणि शेवटी पेटती मशाल चेहऱ्याजवळ आणून तिच्याकडे बघून हसायची. भुवया उगवायला लागल्या की पुढच्या कार्यक्रमात पुन्हा जायच्या.

मामी बेंगळुरातलीच. माहेरचं पिढ्यांचं कापडदुकान, घरात मराठी, पण निम्मं कन्नडात बुडवून काढलेलं. मामाला ती ‘री’ म्हणायची, म्हणजे ‘अहो’, आणि मला ‘पुट्टी’, म्हणजे ‘छोटी’. नोकरीसाठी मी इलेक्ट्रॉनिक सिटीत आले आणि लग्न होईपर्यंत बेळ्ळंदूरला त्यांच्याच फ्लॅटमध्ये राहिले. तोवर तिचं हे प्रकरण चांगलंच मुरलेलं होतं. सुरुवात झाली होती ती हेब्बाळच्या एका बागेत. तिथं काही तरुण मंडळी दोरीला गोळे बांधून फिरवत होती. मामी माहेरी निघाली होती, ती तिथंच थांबली. मग महिनोन्‌महिने तिनं मामाच्या ऑफिसच्या मोज्यांत टेनिसचे चेंडू घालून गच्चीवर सराव केला. मोजे कुठं जातात म्हणून मामा कामवालीवर संशय घेत होता. चाळिशीच्या उंबरठ्यावर मामीनं मोज्यांच्या जागी साखळ्या आणि रॉकेलात भिजवलेल्या वाती आणल्या, तेव्हा त्याला मोज्यांचा पत्ता लागला.

पुढं रिसॉर्ट, कंपन्यांच्या पार्ट्या, लग्नांचे स्वागतसमारंभ अशी बोलावणी येऊ लागली. माझ्या कंपनीच्या वार्षिक समारंभातही एकदा तीच आली. काळोखात पेटते गोळे तिच्याभोवती फिरत होते आणि लोक जेवायचं सोडून बघत होते. कार्यक्रम संपल्यावर ती तशीच, काजळ पसरलेल्या चेहऱ्यानं, माझ्या टेबलापाशी आली आणि सगळ्यांदेखत तिनं मला मिठी मारली. माझ्या नव्या कुर्त्याला रॉकेलचा वास लागला. टीमलीडनं कौतुकानं विचारलं, ही तुझी कोण? मी म्हटलं, आमच्या अपार्टमेंटमध्ये राहते. ते खोटं नव्हतं. मामीनं ते ऐकलं, पेन्सिलीची डावी भुवई होती तिथंच राहिली, आणि ती प्लेट घ्यायला गेली.

एकदा मी तिला विचारलं होतं, यात तुला मिळतं तरी काय? ती भाजी निवडत होती. म्हणाली, “जाळ कानाजवळून फिरला की घूं असा आवाज होतो बघ. त्यात दुसरं काही ऐकू येत नाही. कुकर नाही, बेल नाही, तुझा मामा नाही. स्वल्प वेळच, पण तेवढा वेळ मला कुणी हाक मारू शकत नाही.” मग कुकरची शिट्टी झाली आणि ती उठली.

तिचा एक नियम होता. नाचणाऱ्याच्या बाजूला ओला टॉवेल घेऊन एक माणूस उभा असल्याशिवाय ती काडी पेटवायची नाही. कपड्याला ठिणगी लागली तर त्यानं धावून टॉवेल टाकायचा. “नाचणारं कुणीही चालतं,” ती म्हणायची, “टॉवेल धरणारं आपलं हवं.” तो टॉवेल मामा धरायचा. कार्यक्रमात असो की गच्चीवर, शेजारचं कुणी बघत नाही ना याकडे एक डोळा ठेवून, अवघडून, पण धरायचा.

तिची दुसरी खोड म्हणजे कुठलंही कापड हातात आलं की त्याचा एक धागा ओढून लायटरनं पेटवायचा. सुती किंवा रेशमी असेल तर राख, सिंथेटिक असेल तर वितळून काळी गोळी. जाळाजवळ वितळणारं कापड अंगाला चिकटतं, म्हणून ही सवय. दुकानात ती हे करू लागली की मी दुसऱ्या काउंटरला जायची.

माझा साखरपुडा त्यांच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी मला रेशमी साडी दिली, आणि ती नेसवायला मामी मला आतल्या खोलीत घेऊन गेली. निऱ्या घालता घालता तिचा हात सवयीनं पदराच्या दशांकडे गेला. लायटर पेटला, धागा आकसला आणि टोकाला काळी गोळी झाली. “हे रेशीम नव्हे पुट्टी,” मामी म्हणाली, “होमाजवळ ही नेसू नकोस.” दारात सासूबाई गजरा घेऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “शुद्ध म्हणूनच दिली हो दुकानदारानं,” त्या पुटपुटल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मामीनं लायटर टाकला, वाकून त्यांच्या पायांना हात लावला. “चुकलं माझं अक्का, सवयीनं झालं.” मी अर्धवट नेसलेली, खिळल्यासारखी उभी होते. मामीच्या बाजूनं एक शब्द बोलले नाही.

पाहुणे गेल्यावर आई मामाला नाही नाही ते बोलली. चारचौघांत नाक कापलं, म्हणाली. मामानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाला, की यापुढं मी टॉवेल धरणार नाही. मामी भांडली नाही. दोन दिवसांनी मी ऑफिसला निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. “शनिवारी एक कार्यक्रम आहे. येशील? नाचायचं नाही, फक्त टॉवेल धरायचा.” मी म्हटलं, खरेदीला जायचंय. खरेदी रविवारी होती, आणि यादी तिनंच केलेली होती. “सरी, बरं,” म्हणून तिनं दार लावून घेतलं.

लग्नात मला तीच साडी नेसायला लावली. सासरच्यांचा मान राहायला हवा, असं आईचं म्हणणं. होमाला बसले तेव्हा पाठीमागं काहीतरी गार लागलं. वळून पाहिलं तर मामी अगदी चिकटून बसली होती आणि तिच्या पदराखालून पाणी ठिबकत होतं. आईनं तिला दोनदा मागं सरकायची खूण केली. ती हलली नाही. लाह्या टाकून झाल्या, फेरे झाले, साडीला काहीच झालं नाही. आम्ही उठल्यावर तिनं ओला टॉवेल पिळून पिशवीत टाकला. माझा टॉवेल तिनं धरला होता.

त्यानंतर आम्ही हैदराबादला गेलो आणि येणं लांबत गेलं. परवा मामाच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला गेले. दार मामीनंच उघडलं, आणि क्षणभर मला ती ओळखूच आली नाही. तिला भुवया आल्या होत्या. चांगल्या दाट, दोन्ही अगदी सारख्या. आई सगळ्यांना कौतुकानं दाखवत होती, बघा, वहिनी आता किती छान दिसते. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

स्वयंपाकघरात ती एकटी असताना मी गेले. विचारलं, गच्चीवर जातेस का गं कधी? तिनं कुकरखालचा गॅस बारीक केला आणि निळ्या जाळाकडे थोडा वेळ बघत राहिली.

“नाही पुट्टी,” ती म्हणाली. “आता मला सगळं ऐकू येतं.”

बाहेरून मामानं हाक मारली, आणि ती गेली.