येलदरीच्या नावेत काढलेल्या चपला

गोदाक्का, तुमचा दमा कसा हाय? नाना, गुडघे साथ देतात का? सूनबाई, बाळाचा खोकला थांबला का?

आज येलदरीचं धरण बघून आलो. पाहुणा आला की मी त्याला तिथं न्यायचो, "एकदा बघाच" म्हणायचो. आमची ही मात्र दरवेळी "मला ऊन सोसत न्हाई" म्हणून घरीच राहायची. आज मी हट्टानं नेलं.

कोळ्याच्या नावेत बसलो. मधोमध गेल्यावर हिनं चपला काढून हातात धरल्या.

कोळी म्हणाला, "मावशी, घाला की. फळ्या लय तापल्यात."

"खाली आमच्या वेशीतला मारुतीचा पार हाय, बाबा. चपला घालून कशी जाऊ?"

हिचं माहेर त्याच पाण्यात गेलं, हे मला ठाऊक होतं. तरी इतकी वर्षं मी हिच्यादेखत त्या पाण्याची तारीफ करत आलो.

कोळ्यानं वल्हं थांबवलं. ही म्हणाली, "चल बाबा पुढं. आता कुणी राहत न्हाई तिथं."

तुमालाही दिवाळीत धरण दाखवीन म्हणालो होतो. आता काय म्हणून दाखवू, तुमीच सांगा. अन् हिला माहेरचं पत्र येत न्हाई. म्हणून या खेपेला हिच्या नावानं लिहा, लवकर लिहा.