स्ट्रॉबेरीला लागलेलं जहाल कुळ

आता तुम्हाला काय सांगायचं! एका फोनपायी मी वहिनीच्या सख्ख्या भावावर खोऱ्याचा दांडा उगारला. हसू नका, त्या घडीला माझी पाचावर धारण बसली होती.

आमचा दादा अचानक गेला. अजूनही जेवताना वहिनी त्याचं ताट काढते, मग परत ठेवते. जाण्याआधी त्यानं मंद्रूपच्या रानात जाळीखाली स्ट्रॉबेरी लावली होती. मंद्रूपच्या उन्हात स्ट्रॉबेरी! गाव हसलं. पण रोपं जगली, दादाच गेला. आणि आता रोपंही माना टाकायला लागली. दादाचं एवढंच तर हातात उरलेलं! दोन रोपं मुळासकट उपटली आणि सोलापूरला सात रस्त्याजवळच्या प्रयोगशाळेत देऊन आलो.

तिथल्या मॅडमचा फोन आला.

“तुमच्या प्लॉटमध्ये तीन कुळं निघालीत. त्यातलं एक फार जहाल आहे.”

कुळं! अहो, आमच्याकडं कुळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. एकदा का रानाला कुळ लागलं, की रान गेलंच म्हणून समजा! दादानं गुपचूप तीन-तीन लावली?

“मॅडम, आलं कुटनं ते?”

“बाहेरून. रोपांबरोबरच आलं असणार.”

रोपांबरोबर कोण आलं होतं? शिवा पाव्हणं! वहिनीचा भाऊ. टेम्पोत रोपांना धरून बसला होता. दादा गेल्यावर मदतीला म्हणून आमच्याकडंच राहिलेला.

“मग काय करू?”

“उपटा आणि जाळून टाका.”

“जाळून? आन् पोलीस?”

“पोलीस कशाला? फक्त नंतर हात साबणानं धुवा.”

मी दांडा घेऊन धावलो. पाव्हणं वाफ्यात वाकून वाळकी पानं खुडत होते.

“निगा हितनं! माझ्या दादाचं रान न्हाय मिळायचं तुमाला!”

“अरं मल्लू, झालं काय?”

“तुमी कुळ हाय! प्रयोगशाळेतनं कळलंय!”

“प्रयोगशाळेतनं? माझं काय तपासलं रं त्यांनी?”

आरडाओरडा ऐकून वहिनी पळत आली. “भावजी, याड लागलं का?” म्हणत तिनं माझा फोन हिसकावला, मॅडमना लावला आणि स्पीकर चालू केला.

“अहो, बुरशीची कुळं!” मॅडम ओरडल्याच. “बुरशी एकच, पण तिच्यात वेगवेगळे वंश असतात. दोन नुसती पानं करपवतात, तिसरं जहाल, ते मुळावरचा गड्डाच कुजवतं. आजारी रोपं आजच काढा, बाकीची वाचू शकतील.”

“वाचतील?” मी विचारलं आणि तिथंच मटकन बसून पोरासारखा रडलो.

पाव्हणं फोनजवळ वाकले. “मॅडम, ह्ये जहाल कुळ वळखायचं कसं?”

“दिसायला बाकीच्यांसारखंच असतं. पण एकदम भडकतं आणि शेजारच्यालाच धरतं.”

पाव्हण्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“घावलं, मॅडम. हितंच बसलंय, दांडा घिऊन. ह्येला उपटतो, पण जाळायचं तेवढं ऱ्हाऊ द्या की!”